मलावीत शिक्षकांचे शिक्षक म्हणून जाताना : चर्चतर्फे जाणाऱ्यांसाठी सुरुवातीपासून परतीपर्यंत

डी.एड. किंवा बी.एड. झालेलं आहे, काही वर्षं वर्गात उभं राहून शिकवलं आहे आणि चर्चच्या कामासाठी आफ्रिकेत जाऊन तिथल्या शिक्षकांना तयार करायची मनापासून इच्छा आहे, अशांसाठी हा लेख. उदाहरणाला मलावी घेतलं आहे. पूर्व आफ्रिकेतला हा लहान देश, राजधानी लिलाँग्वे. तिथल्या प्राथमिक शाळांपैकी पुष्कळशा चर्चच्या मालकीच्या आहेत, पण शिक्षकांचा पगार सरकार देतं आणि अभ्यासक्रमही सरकारीच असतो. ही रचना नीट लक्षात ठेवा, कारण पुढच्या निम्म्या अडचणी ती न कळल्यामुळे येतात.

तुम्ही तिथे मुलांना शिकवायला जात नाही. मुलांना शिकवणारे तिथे आहेत, आणि तुम्ही परत आल्यावरही तेच असणार आहेत. सिंथिया फरार १८२७ मध्ये अमेरिकेतून मुंबईला आल्या, पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. सावित्रीबाईंचं शिक्षिका म्हणून प्रशिक्षण त्यांच्याकडे झालं, असं चरित्रकार सांगतात. फरार बाईंनी स्वतः किती मुलींना अक्षरं गिरवायला लावली, हे आज कुणी विचारत नाही. मलावीत पाऊल ठेवताना एवढं ध्यानात असू द्या.

१. आधी कोण बोलावतंय ते नक्की करा

जाण्याच्या ९ ते १२ महिने आधी सुरुवात करा. पाठवणारं चर्च इथलं आणि बोलावणारं चर्च तिथलं, ही दोन टोकं लेखी जोडलेली हवीत. "या, काम भरपूर आहे" एवढ्या तोंडी बोलण्यावर कुणी निघू नये.

मलावीत कॅथलिक धर्मप्रांतांच्या शाळा आहेत आणि सीसीएपीच्या, म्हणजे चर्च ऑफ सेंट्रल आफ्रिका प्रेस्बिटेरियनच्या आहेत. सीसीएपीचे देशात तीन सिनड, म्हणजे विभागीय मंडळं : उत्तरेला लिव्हिंगस्टोनिया, मध्यभागी एन्खोमा, दक्षिणेला ब्लांटायर. प्रत्येक सिनडचा स्वतःचा शिक्षण विभाग आहे आणि तिघांची कामाची पद्धत वेगळी आहे. एका सिनडचं पत्र दुसऱ्या सिनडच्या शाळेत चालेल असं गृहीत धरू नका.

करारपत्रात एवढं तरी लिहून घ्या :

- काम नेमकं कोणतं : अध्यापक विद्यालयात शिकवणं, की नोकरीत असलेल्या शिक्षकांची प्रशिक्षणं आणि शाळाभेटी. हे दोन वेगळे उद्योग आहेत. या लेखात दुसऱ्याबद्दल लिहिलं आहे.
- किती शाळा आणि कोणत्या झोनमध्ये, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या कोणत्या गटात.
- राहायचं घर, त्याचं भाडं, पाणी, वीज आणि रखवालदार यांचा खर्च कोण देणार.
- दरमहा मानधन किती, कोणत्या चलनात आणि कोणत्या देशातल्या खात्यात.
- वाहन. मोटारसायकल मिळणार असेल तर पेट्रोल कोणाचं. मलावीत इंधनाची टंचाई मधूनमधून होते, म्हणून "पेट्रोल मिळालं नाही तर शाळाभेट पुढे ढकलता येईल" हे वाक्यही हवं.
- आजारपणाचा विमा आणि गंभीर प्रसंगी देशाबाहेर हलवण्याचा खर्च.
- तुम्ही थेट कोणाला जबाबदार. एकाच माणसाचं पद लिहिलेलं असावं. "समितीला" असं लिहिलेलं असेल तर पहिल्याच मतभेदाला तुम्ही एकटे पडाल.
- मुदतीआधी परतावं लागलं तर तिकिटाचं काय.

अनुदानित शाळेत नोकरीला असाल तर राजीनामा देण्याची घाई करू नका. बिनपगारी असाधारण रजा मिळते का ते संस्थेला विचारा आणि मिळाली तर संस्थेच्या ठरावासह शिक्षणाधिकारी कार्यालयाची लेखी मंजुरी घ्या. धारणाधिकार, म्हणजे परत आल्यावर त्याच पदावर हक्क, राहतो की नाही हे त्या पत्रात स्पष्ट असलं पाहिजे. "फादरांनी सांगितलंय, काळजी करू नका" हे सेवापुस्तकात चढत नाही.

२. कागदपत्रं

वेळ सगळ्यात जास्त इथे जातो, आणि चुकाही इथेच होतात.

लागणारे कागद :

- पासपोर्ट. परतीच्या तारखेपुढे किमान ६ महिने वैध हवा, कोरी पानंही भरपूर हवीत.
- दहावी, बारावी, पदवी आणि डी.एड. किंवा बी.एड. यांची मूळ प्रमाणपत्रं व गुणपत्रकं.
- अनुभवाचे दाखले, शाळेच्या लेटरहेडवर, रुजू आणि कार्यमुक्त तारखांसह.
- पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट. हे पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं. जाणं पुढे ढकललं तर बहुतेक ठिकाणी नवीन मागतात, म्हणून फार आधी काढू नका.
- जन्मदाखला. विवाहित असाल तर विवाहाचा दाखला.
- पाठवणाऱ्या चर्चचं शिफारसपत्र आणि बोलावणाऱ्या चर्चचं आमंत्रणपत्र.
- बालसुरक्षेविषयीचं सहीनिशी प्रतिज्ञापत्र आणि तुम्हाला ओळखणाऱ्या दोन व्यक्तींची पत्रं. कुठलंही जबाबदार चर्च हे मागतंच. मागितलं नाही तर तुम्हीच पुढे करा.
- पासपोर्ट आकाराचे १२ फोटो.

अपोस्टिल म्हणजे कागद खरा असल्याचा, दुसऱ्या देशात चालणारा सरकारी शिक्का. भारत आणि मलावी दोन्ही देश हेग अपोस्टिल कराराचे सदस्य आहेत, त्यामुळे शैक्षणिक कागदांवर दूतावासाचे शिक्के घेत फिरावं लागत नाही. आधी राज्य पातळीवर पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, असा क्रम आहे. अर्ज मंत्रालयाने नेमलेल्या एजन्सींमार्फत जातात. तीन जागी लोक हमखास अडकतात.

पहिली, लॅमिनेशन. दहावीचं प्रमाणपत्र जपायचं म्हणून घरोघरी लॅमिनेट केलेलं असतं. त्यावर शिक्का बसत नाही, मागे स्टिकर लागत नाही. ते ओढून काढायला जाऊ नका, शाई सुटते आणि कागद फाटतो. बोर्डाकडे किंवा विद्यापीठाकडे दुय्यम प्रतीचा अर्ज करा. त्याला काही आठवडे लागतात, म्हणून हे पहिल्या महिन्यातच तपासा.

दुसरी, नाव. आपल्याकडे बाईच्या पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, बँकेत आडनाव आधी आणि शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव मध्ये, असा प्रकार असतो. परदेशातल्या कारकुनासाठी या चार वेगळ्या बायका आहेत. राजपत्रातली नावबदलाची नोंद किंवा विवाहाचा दाखला आणि सोबत "ही सर्व नावं एकाच व्यक्तीची" असं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र, यांचा एक संच करून प्रत्येक अर्जाला जोडा. पुरुषांनीही बघावं : आडनाव शेवटी की पहिलं, एवढ्यावरून परवाना अडतो.

तिसरी खास आपल्या मंडळीतली. चर्चमधला विवाहनोंदीचा उतारा आणि बाप्तिस्म्याचा दाखला हे आपल्याला पुरेसे वाटतात. अपोस्टिलसाठी ते चालणार नाहीत असं धरूनच चला. विवाहाचा दाखला निबंधकाकडचा आणि जन्माचा दाखला ग्रामपंचायत किंवा महानगरपालिकेचा काढून घ्या.

कामाचा परवाना बोलावणारी संस्था मलावीच्या इमिग्रेशन खात्याकडे मागते. तो हातात येण्याआधी पर्यटक म्हणून जाऊन काम सुरू करण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. "इथे सगळे असंच करतात" हे खरं असेलही, पण पकडला जातो तो परदेशी, आणि शाळेचंही नाव खराब होतं.

३. पैशाचे व्यवहार मार्गी लावा

परदेशी नोकरीसाठी राहायला जाताना इथलं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्यावं लागतं. बँकेला कळवा, केवायसी नवीन करा आणि ओटीपीसाठीचा मोबाइल नंबर रोमिंगवर चालतो का ते निघण्यापूर्वी तपासा. ओटीपी येत नाही म्हणून एलआयसीचे हप्ते थकण्याचा प्रकार फार होतो. कर भरताना त्या आर्थिक वर्षातले भारतातले दिवस मोजले जातात, तेव्हा जाण्यायेण्याच्या तारखांची नोंद ठेवा.

तिथे चलन क्वाचा. भारतात ते मिळत नाही आणि मलावीबाहेर कुणी घेत नाही. सुरुवातीच्या खर्चासाठी डॉलर न्या, पण नोटा नव्या, न दुमडलेल्या आणि खाडाखोड नसलेल्या हव्यात. जुन्या मालिकेच्या आणि लहान रकमेच्या नोटांना दर कमी मिळतो किंवा त्या घेतच नाहीत. गावात बँक नसली तरी एअरटेल मनी आणि टीएनएमची म्पाम्बा ही मोबाइल पैशांची सेवा चालते. सिमकार्ड पासपोर्ट दाखवून नावावर घ्या.

एक धोका आधीच सांगून ठेवतो. तिथे असताना कुणी परदेशी हितचिंतक तुमच्या गावच्या शाळेसाठी पैसे देऊ करेल. ते तुमच्या भारतातल्या खात्यात किंवा गावातल्या चर्चच्या साध्या खात्यात मागवू नका. परदेशी देणगीसाठी २०१० च्या एफसीआरए कायद्याखाली नोंदणी आणि ठरावीक खातं लागतं. चांगल्या हेतूने केलं म्हणून कायदा माफ करत नाही.

४. प्रकृती

पिवळ्या तापाची लस निघण्यापूर्वी किमान १० दिवस घेतलेली असावी. ती फक्त सरकारने ठरवलेल्या केंद्रांवर मिळते आणि तिथे नंबर लावावा लागतो, म्हणून महिना-दीड महिना आधी बघा. प्रमाणपत्र आता आयुष्यभरासाठी ग्राह्य धरतात. मलावी स्वतः त्या तापाच्या यादीतला देश नाही, पण विमान बहुधा आदिस अबाबा किंवा नैरोबीहून बदलावं लागतं आणि ते दोन्ही देश यादीत आहेत. परत येताना भारतीय विमानतळावर पिवळं पुस्तक, म्हणजे हेच लसीचं प्रमाणपत्र, नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. ते पासपोर्टच्या कव्हरमध्येच ठेवा.

हिवताप वर्षभर आणि देशभर आहे, आणि तो आपल्याकडच्यापेक्षा जास्त घातक जातीचा. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. डॉक्सिसायक्लिन घेत असाल तर परतल्यावरही ४ आठवडे चालू ठेवावी लागते, अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ७ दिवस. औषध लावलेली मच्छरदाणी रोज, थंडीतही. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं, "उद्या बघू" नाही.

मलावी सरोवर फार सुंदर आहे, पण त्याच्या काठच्या उथळ पाण्यात बिलहार्झिया या रोगाचे कृमी असतात. पोहायचंच असेल तर परतल्यावर तपासणी करून घ्या.

५. सामान

तिथले सॉकेट ब्रिटिश पद्धतीचे, तीन चपट्या पिनांचे. आपला गोल पिनांचा प्लग त्यात जात नाही. व्होल्टेज मात्र आपल्यासारखंच. तीन-चार अ‍ॅडॉप्टर आणि एक आपला एक्स्टेन्शन बोर्ड घ्या, म्हणजे घरातल्या सगळ्या चार्जरना एकच अ‍ॅडॉप्टर पुरतो. वीज रोज जाते असं धरून सौर दिवा, डोक्याला लावायची बॅटरी आणि पॉवर बँक घ्या. चष्म्याचा जादा जोड आणि रोजची औषधं चिठ्ठीसह. छोटा कुकर.

डाळ-मसाल्याचं ओझं नेऊ नका. ब्लांटायर, लिम्बे आणि लिलाँग्वेत गुजराती दुकानदारांच्या पिढ्या गेल्या आहेत, तूरडाळ-मोहरी मिळते. तिथलं रोजचं जेवण न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि न्दिवो, म्हणजे त्यासोबतचं कालवण. भाकरी-कालवणाची सवय असलेल्या माणसाला दोन आठवड्यांत जमतं.

प्रोजेक्टर नेऊ नका. त्याऐवजी जाड टोकाचे काळे-निळे मार्कर दोन डझन, स्टीलची मोठी पट्टी, कटर आणि दोऱ्याची रिळं न्या. कामाला हेच येतं.

६. भाषा : बाराखडी येते त्याला चिचेवा परकी नाही

इंग्रजीवर भागेल असं वाटतं. सभेत भागतं, वर्गात नाही. २०१३ च्या शिक्षण कायद्याने इंग्रजी माध्यम म्हटलं असलं तरी खालच्या इयत्तांत प्रत्यक्षात चिचेवा चालते, उत्तरेत चिटुम्बुका. पहिले तीन महिने रोज एक तास भाषेला द्या आणि शिकवणारा गावातलाच शिक्षक असू द्या. त्याला त्याचे पैसे द्या.

नमस्कार असा : "मुली ब्वांजी?" म्हणजे कसे आहात. उत्तर, "न्दिली ब्विनो, काया इनू?" म्हणजे बरा आहे, आणि तुम्ही? धन्यवाद म्हणजे "झिकोमो". 'मुली' ऐकताच आपल्याला मुलगीच आठवते, त्यामुळे शब्द विसरत नाही. नमस्कार झाल्याशिवाय कामाचं बोलायचं नाही, घाई असली तरी. काही देताना-घेताना उजवा हात पुढे आणि डावा त्याच्या कोपराला लावलेला.

आपल्या जवळचं म्हणजे आदरार्थी बहुवचन. 'इवे' म्हणजे तू, 'इनू' म्हणजे तुम्ही. एक शिक्षक 'म्फुन्झित्सी', अनेक 'आफुन्झित्सी', पण एकाच गुरुजींबद्दल आदराने बोलताना अनेकवचनच वापरतात. "आफुन्झित्सी आब्वेरा" म्हणजे "गुरुजी आले", अगदी आपल्यासारखं. इंग्रजीतून शिकणारे परदेशी इथे चुकून शिक्षकांना एकेरीवर येतात आणि ते कुणी बोलून दाखवत नाही, फक्त माणसं दूर होतात. तुमच्याकडून ही चूक होण्याचं कारण नाही.

दुसरी जमेची बाजू म्हणजे लिपी. चिचेवा रोमन लिपीत लिहितात, पण जवळजवळ प्रत्येक अक्षरगट व्यंजन अधिक स्वर असाच असतो आणि स्वर पाचच : आ, ए, इ, ओ, उ. म्हणजे मा-मे-मि-मो-मु, ला-ले-लि-लो-लु अशी सरळ बाराखडी होते. म आणि ल या दोनच व्यंजनांवर 'लिमा' म्हणजे शेत कर, 'मालो' म्हणजे जागा, 'उलिमी' म्हणजे शेती, 'आमालिमा' म्हणजे तो शेती करतो, एवढे खरे शब्द वाचता येतात. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी पहिल्या महिन्यात याहून चांगले शब्द कुठले?

पण इथेच एक खाच आहे. 'म्लिमी' म्हणजे शेतकरी. यात सुरुवातीचा म स्वराशिवाय, एकटाच उच्चारला जातो. फक्त बाराखडीवर वाढलेलं मूल तिथे 'मालिमी' वाचतं. असे शब्द दुसऱ्या टप्प्यात वेगळे घ्यायचे आणि टाळी वाजवून घटक मोजायला लावायचे : म्-लि-मी, तीन टाळ्या. मंडळी परदेशातून देणगीत आलेली इंग्रजी अक्षरओळखीची पुस्तकं वाटतात. त्यात एकाच अक्षराचे तीन-तीन आवाज असतात, मुलांचा गोंधळ उडतो. ती पुस्तकं खालच्या वर्गात जाऊ देऊ नका.

७. पहिले दोन महिने फक्त भेटी

झोन म्हणजे जवळपासच्या शाळांचा गट. त्याचा सरकारी सल्लागार असतो, त्याला सगळे पीईए म्हणतात. आपल्या केंद्रप्रमुखासारखा. त्याचं ऑफिस शिक्षक विकास केंद्रात, म्हणजे टीडीसीत. शाळा चर्चची असली तरी शिक्षक सरकारचे आहेत, म्हणून चर्चचा शिक्षण सचिव, जिल्हा शिक्षण कार्यालय, पीईए, मुख्याध्यापक आणि गावप्रमुख या सगळ्यांना भेटल्याशिवाय एकाही वर्गात पाऊल टाकू नका. पीईएला वगळून घेतलेलं प्रशिक्षण कितीही चांगलं झालं तरी तुम्ही गेल्यावर त्याचं नाव कुणी काढत नाही.

अभ्यासक्रम आणि शिक्षक-मार्गदर्शिका झोम्बाजवळच्या डोमासी इथली मलावी इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन ही संस्था तयार करते. त्या पुस्तिका आधी पूर्ण वाचा. स्वतःचा अभ्यासक्रम घेऊन गेलात तर शिक्षकाला दोन मालकांची चाकरी करावी लागेल. वर्षाची तीन सत्रं असतात, पण तारखा अलीकडच्या वर्षांत सरकल्या आहेत, म्हणून त्या वर्षाचं कॅलेंडर मागवून मगच विमानाचं तिकीट काढा.

ओळख करून देताना सांगण्यासारखी एक गोष्ट आपल्याकडे आहे. मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांचा देह १८७३-७४ मध्ये आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांच्या पुढाऱ्यांपैकी एक, चुमा, हा आजच्या मलावीतला, याओ जमातीचा. तो मुंबईत जॉन विल्सन यांच्या मिशन शाळेत शिकला होता. त्याच प्रवासातला जेकब वेनराइट नाशिकच्या शरणपूर इथल्या मिशन शाळेचा विद्यार्थी. शरणपूरला शिकलेले आफ्रिकन तरुण पुढे मोम्बासाकडे शिक्षक आणि उपदेशक म्हणून गेले. आपण दाता आणि ते याचक अशी हवा तयार होत असेल, तर ही जुनी ये-जा सांगितल्याने बोलणं बरोबरीवर येतं.

८. प्रत्यक्ष प्रशिक्षण

मलावीने १९९४ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत केलं आणि पटावरची मुलं सुमारे १९ लाखांवरून ३० लाखांच्या आसपास गेली. वर्ग आणि शिक्षक त्या प्रमाणात वाढणं शक्य नव्हतं. पहिलीच्या वर्गात १०० मुलं, काही झाडाखाली, हे आजही नेहमीचं दृश्य आहे. तुमचं प्रत्येक तंत्र या वर्गात बसलं पाहिजे.

हिशेब करा. तासिका अर्ध्या तासाची, मुलं १००. प्रत्येकाने फक्त २० सेकंद वाचलं तरी ३३ मिनिटं लागतात. म्हणजे "एकेकाला वाचायला लावा" हा सल्ला तिथे निरर्थक आहे. त्याऐवजी १०-१० चे दहा गट, प्रत्येक गटाला एक म्होरक्या. शिक्षक फळ्यावर वाचतो, सगळे एकत्र वाचतात, मग गटात म्होरका काडीने अक्षर दाखवतो आणि गटातली मुलं पाळीपाळीने वाचतात. शिक्षक एका तासिकेत दोनच गटांजवळ बसतो. पाच दिवसांत दहा गट होतात आणि आठवड्यातून एकदा प्रत्येक मूल गुरुजींसमोर वाचतं. म्होरके दर महिन्याला बदला, नाहीतर तीच दहा मुलं शिकतात.

साधनांसाठी मलावीत 'तालुलार' हा शब्द सगळ्या शिक्षकांना माहीत आहे : जवळपास फुकट मिळणाऱ्या वस्तूंपासून केलेली शैक्षणिक साधनं. सिमेंटच्या पोत्याचा आतला तपकिरी कागद शब्दपट्ट्यांना उत्तम. पुठ्ठ्याचे खोके कापून ३० × १० सेंटिमीटरच्या पट्ट्या कराव्यात, अक्षर किमान ५ सेंटिमीटर उंच हवं, नाहीतर मागच्या रांगेला दिसत नाही. चिकटवायला कसाव्याच्या पिठाची खळ. फळ्याचा काळा रंग उडाला असेल तर कोळशाची वस्त्रगाळ पूड त्याच खळीत कालवून दोन हात द्यायचे, मधे पूर्ण वाळू द्यायचं. खळ जास्त झाली तर खडू घसरतो, कमी झाली तर पूड हाताला लागते.

मोजणीला काड्या. प्रत्येक मुलाने २० आणल्या की वर्गात २००० होतात. दहा-दहाच्या जुड्या केळीच्या सोपटाने बांधा, दशक-एकक तिथेच समजतं. बाटलीची झाकणंही चालतात. मक्याचे दाणे मात्र वापरू नका. जानेवारी ते मार्च हे तिथले उपासमारीचे महिने, नवीन पीक एप्रिलच्या आसपास येतं. घरी मका संपलेला असताना शाळेत त्याचे दाणे मातीत सांडणं शोभत नाही.

कार्यशाळा २५ ते ३० शिक्षकांची आणि एका वेळी एकच कौशल्य. सकाळी ते कौशल्य करून दाखवा. मग शिक्षकांनीच १० मिनिटांचा पाठ एकमेकांसमोर घ्यावा, आणि दुसऱ्या दिवशी तोच पाठ शेजारच्या शाळेत खऱ्या मुलांसमोर. खरा वर्ग नसेल तर कार्यशाळा पुढे ढकला. पाच दिवस भाषणं ऐकून वर्गात काहीही बदलत नाही.

भत्त्याचा प्रश्न पहिल्याच दिवशी उठतो. जाण्यायेण्याचं भाडं आणि जेवण शिक्षक मागतात, आणि त्यात गैर काही नाही, त्यांचा पगार तुटपुंजा आहे. पण रक्कम तुम्ही ठरवू नका. चर्चच्या शिक्षण विभागाचा आणि जिल्ह्याचा चालू दर विचारा, आमंत्रणपत्रातच लिहा, सही घेऊन वाटा. तुम्ही जास्त दिलंत की पुढच्या महिन्यात पीईएच्या बैठकीला कुणी येत नाही.

तारीख ठरवताना महिनाअखेर टाळा, कारण शिक्षक पगारासाठी शहरात जातात. बाजाराचा दिवस टाळा. आणि गावात कुणी वारलं तर कार्यशाळा त्या दिवशी होणार नाही हे शांतपणे स्वीकारा. 'मालिरो', म्हणजे अंत्यविधी, सगळ्यांच्या आधी. तुम्हीही जा.

९. शाळाभेट

कार्यशाळेचं फळ भेटींवर अवलंबून असतं, आणि इथेच नवखा माणूस हिशेब चुकतो. ५ शाळा, प्रत्येकी ६ शिक्षक, सत्रात प्रत्येकाला ३ भेटी म्हणजे ९० भेटी. सत्र १२-१३ आठवड्यांचं, म्हणजे आठवड्याला सात. पावसाळा नोव्हेंबर ते एप्रिल, रस्ते चिखलाचे, पेट्रोल नाही. हे जमणार नाही. दोन शाळांपासून सुरुवात करा.

वर्गात मागे बसा, मधे बोलू नका, खडू हातात घेऊ नका. शिक्षक अडखळला तरी नाही. एकदा तुम्ही फळ्याजवळ गेलात की मुलं पुढे कायम तुमच्याकडे बघतात आणि त्या शिक्षकाची पत त्याच्याच वर्गात उतरते. वहीत तीनच गोष्टी लिहा : दोन चांगल्या जमलेल्या आणि एक बदलायची. त्याच दिवशी, दोघंच झाडाखाली बसून बोला. मुख्याध्यापकासमोर नाही. बदलायची गोष्ट पुढच्या भेटीपर्यंत करता येईल इतकी लहान हवी. "वर्गनियंत्रण सुधारा" असं लिहिणं निरुपयोगी आहे. "गटात बसवण्यासाठी ठरलेलं एक गाणं वापरा" हे करता येतं.

वर्गाचे फोटो काढण्याआधी मुख्याध्यापकाची लेखी परवानगी घ्या. फाटक्या कपड्यातलं मूल देणगीच्या पत्रावर छापू नका. चर्चच्या शाळेत मुस्लीम मुलंही असतात, मांगोची जिल्ह्याकडे तर बहुसंख्येने. शिक्षक-प्रशिक्षणाच्या वेळात धर्मप्रसार मिसळू नका. प्रार्थना तिथले लोक त्यांच्या पद्धतीने घेतील.

१०. सोपवून निघणं

हे शेवटच्या महिन्यात करायचं काम नाही. पहिल्या सत्रातच झोनमधले दोन अनुभवी शिक्षक निवडा, त्यातली एक बाई असू द्या. निवड पीईएने करावी, तुम्ही फक्त सुचवावं. पहिल्या सत्रात ते तुमच्या सोबत उभे राहतील, दुसऱ्यात निम्मा दिवस घेतील, तिसऱ्यात पूर्ण कार्यशाळा ते घेतील आणि तुम्ही मागे बसाल. दुसऱ्या वर्षी तुम्ही हजरच नसताना एक कार्यशाळा होऊ द्या. जे बिघडेल ते त्यांनाच दुरुस्त करू द्या.

नोंदी, पाठाचे नमुने आणि शब्दपट्ट्यांचे संच चिचेवात, टीडीसीच्या कपाटात, यादीसह ठेवा. तुमच्या लॅपटॉपमध्ये असलेलं काहीच त्यांच्या उपयोगाचं नाही. मोटारसायकल, सौर दिवे आणि कुकर कोणाला देणार ते लेखी आणि चर्चच्या साक्षीने ठरवा, निघण्याच्या आदल्या रात्री नाही.

परतीच्या वेळी पिवळं पुस्तक, अनुभवाचा दाखला आणि तिथलं पोलीस प्रमाणपत्र हातातल्या पिशवीत ठेवा. तिथलं पोलीस प्रमाणपत्र इथे आल्यावर मिळवणं फार जिकिरीचं होतं. शिक्षणाधिकारी कार्यालयात रुजू होण्याचा अर्ज रजा संपण्यापूर्वी द्या. आणि परतल्यानंतर पहिल्या तीन महिन्यांत ताप आला, अगदी बारीक कणकण असली तरी, दवाखान्यात पाऊल टाकताच आधी हे सांगा : मी मलावीहून आलो आहे, हिवतापासाठी रक्त तपासा.